तीन पाती आणि एक खुर्ची

३ मार्च, मंगळवार

दारातच आणून टाकली! पवनचक्कीची पाती. एक नाही, दोन नाही – चांगली तीन.

ट्रेलरवाला म्हणाला, टेकडीवरच्या जुन्या चक्क्या उतरवल्या, कंपनीकडे पाती ठेवायला जागा नाही, महिनाअखेरपर्यंत तुमच्या शेडसमोर राहू द्या. कुणाला उपयोग असेल तर फुकट न्यावीत. नसेल तर जुन्या खाणीत खड्डा करून पुरणार. मी विचारलं, गावात दुसरी जागा नव्हती? तो गाडीची चाकं तपासायला लागला. एकेक पातं आमच्या घरापेक्षा लांब. एका टोकाला माणूस वाकून आत शिरेल एवढं तोंड, दुसऱ्या टोकाला निमुळती शेपटी. आता खिडकी उघडली की आभाळाऐवजी हेच दिसणार.

आणि आमचे हे? व्हरांड्यात, खुर्चीत. याच चक्क्यांच्या देखभालीत आयुष्य गेलं. दोर बांधून या पात्यांच्या अंगाखांद्यावर लोंबकळले. ती दारात आली तरी मान वळवली नाही. पेपर वाचत होते. पेपर कालचा होता.

५ मार्च

चक्क्या थांबल्या, त्याच आठवड्यात हे निवृत्त झाले. थंडीपासून बसलेत. जेवण खुर्चीत, चहा खुर्चीत, डुलकी खुर्चीत. मी नाव ठेवलंय – खुर्चीसम्राट. तोंडावर म्हटलं तरी हसत नाहीत.

लेक मागे आली होती तेव्हा आम्हा दोघांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. माझी नाडी बघून झाल्यावर मला बाहेर बसवलं आणि आत यांच्याबरोबर बराच वेळ बोलणं चाललं. नंतर लेकीने सांगितलं, ‘त्या म्हणाल्या, असंच चालू राहिलं तर पुढे माणसाला उठवणं कठीण.’ मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं. हा माणूस खुर्चीतल्या खुर्चीत विझून जाईल आणि मी बघत बसेन, याची भीती वाटते.

आज लेकीचा फोन. ‘आई, बाबांना तूच उठवू शकतेस.’ म्हटलं, मी काय क्रेन आहे? मग नेहमीचं – तू कशी आहेस, शेड उघडलीस का. मला काय धाड भरली आहे! झोप येत नाही, एवढंच. आणि शेडचं काय मध्येच? धाकटी बहीण गेली तेव्हापासून कुलूप आहे, ते बरं आहे. पाण्याच्या टाक्या आम्ही दोघी मिळून करायचो. तिने फायबरची मॅट ताणून धरायची, मी त्यावर चिकट रेझिन मारायचं. एका हाताने टाळी वाजत नाही, तशी टाकीही होत नाही. विषय संपला.

८ मार्च, रविवार

युरेका वगैरे काय म्हणतात ते!

भंगारवाला आला होता. पात्यात तांबं-बिंबं मिळेल म्हणून हातोडी घेऊन ठोकत सुटला. मी चहा घेऊन व्हरांड्यात. तर काय – प्रत्येक ठोक्याला यांच्या पायाचा अंगठा वळवळतोय! चेहरा पुतळ्याचा, अंगठा जिवंत.

माझी ट्यूब पेटली. हा माणूस उपाशी राहील, पण चुकीचं काम बघू शकणार नाही. भिंतीत खिळा वाकडा गेला तर याच्या घशाखाली घास उतरत नाही. शेजाऱ्यांच्या लग्नात मांडवाचा खांब कलला म्हणून हा जेवणाच्या पंगतीतून उठून गेला होता. मग ठरलं. उद्यापासून चुका करायच्या. यांच्या डोळ्यांदेखत, यांच्या लाडक्या पात्यांवर. बघू किती वेळ बूड टेकून बसतात!

त्यासाठी अवजारं लागणार. म्हणजे शेड उघडावी लागणार. फक्त ग्राइंडर काढायचा आणि कुलूप लावायचं.

९ मार्च

कुलूप गंजलं होतं. तेल घातलं, शिव्या घातल्या, तेव्हा उघडलं. आत रेझिनचा तोच वास. खिळ्याला धाकटीचे हातमोजे. बोटं अजून तिच्या हातासारखी वाकलेली. बाहेर आले. पायरीवर बसले. पुन्हा आत गेले आणि ग्राइंडर उचलला.

चूक पहिली : पात्याच्या पोटात लांबच लांब तुळई असते, त्यावरच त्याचा सगळा जोर. तिच्यावर आडवी रेघ मारली, खडूने, ठळक. मोठ्याने म्हटलं, इथूनच कापावं झालं. यांनी पान उलटलं. मी रेघ पुसली. खरंच कापायला मी काही वेडी नाही.

कुलूप लावायचं राहिलं. उद्या लावीन.

१२ मार्च

चूक दुसरी, जेवताना. जाहीर केलं, अख्ख्या पात्याचा सीसॉ करणार. या टोकाला एक शाळा, त्या टोकाला दुसरी शाळा. हे म्हणाले, ‘हं.’

‘हं’ला शब्द धरायचं का? मी धरला.

पण आज वेगळाच घोळ झाला. नगरसेविका रस्त्याने चालल्या होत्या, पाती बघून थांबल्या. कोपऱ्यावरच्या बसथांब्याला छप्पर नाही. उन्हाळ्यात माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत उभी राहतात. सावली खांबाएवढीच, म्हणून एकामागे एक, सरळ रेषेत! सूर्य सरकला की अख्खी रांग सरकते. बाई म्हणाल्या, याचं छप्पर होईल का हो? यांना ऐकू जावं म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडले, होईल की, न व्हायला काय झालं! त्यांनी लगेच मान्य केलं. क्रेन त्या देणार, काम मी करायचं, कंपनीचा ट्रक पाती पुरायला न्यायला येईल त्याच्या आत.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आता खरंच छप्पर करायला लागणार.

१४ मार्च

चूक तिसरी आणि सगळ्यात सुरेख. व्हरांड्यासमोर जमिनीवर छपराचा नकाशा काढला – पातं उताणं, खोलगट बाजू वर. पाऊस पडला की बसथांबा आणि पोहण्याचा तलाव एकदम. शेजारची शिंपीणबाई बघायला आली, म्हणाली छान दिसेल. यांनी डोळे मिटून घेतले. मिटून! एवढा कोडगा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

रागारागाने ग्राइंडर चालू केला आणि दुसऱ्या पात्याची शेपटी बाकासाठी कापून काढली. नीट कापली. हात विसरले नव्हते. पातंही फायबरचंच, म्हणून संध्याकाळी ती जुनी खाज – मानेला, मनगटांना, नको तिथेही. खाजवत खाजवत पडले ती सकाळीच जाग आली.

१९ मार्च

लिहायला वेळ नाही. दिवसभर शेडमध्ये. भूक मात्र राक्षसासारखी लागते.

आज चुकांना सुट्टी, आज शुद्ध काम. छपराच्या पात्याच्या शेपटीशी एक भोक सापडलं, बोट जाईल एवढं. तिसऱ्यालाही तिथेच. कंपनीचा माल असा! आम्हा टाकीवाल्यांत भोक म्हणजे पाप. मॅटचे दोन थर, वर रेझिन, वाळल्यावर घासून गुळगुळीत. दोन्हींची बुजवली. धाकटी असती तर हात फिरवून म्हणाली असती, ताई, कुठे होतं ते सांग बघू. यांचा अंगठा आज वळवळतोय का, बघायचंही विसरले.

२१ मार्च, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवते.

छपराचं पातं ठोकळ्यांवर तिरकं ठेवलंय, तोंड जरा वर, शेपूट खाली. आत कबुतरांनी संसार थाटलेला. म्हटलं क्रेन यायच्या आधी धुऊन घ्यावं. पाण्याचा पाइप घेतला, वाकून आत शिरले, नळ पुरा सोडला आणि गाणं म्हणत बसले. आत आवाज असा घुमतो की मीच माझ्यावर खूश. पाणी शेपटीकडे वाहत होतं. ते पुढे जातंय कुठे, हा प्रश्न मला पडलाच नाही. टाकीवालीला कसा पडणार? आमच्यात पाणी आत राहिलं तरच काम चांगलं!

मग खालून लाकूड करकरलं. पायाखालचं पातं हललं.

‘बाहेर ये. आधी बाहेर ये.’

यांचा आवाज. किती महिन्यांनी एवढा मोठा! दंडाला धरून मला ओढलं, आम्ही दोघंही खडीवर आपटलो, आणि ठोकळा फुटून पातं एका अंगावर कललं. हे अनवाणी. एका हातात पेपर तसाच. मग उठून शेडमध्ये गेले, ड्रिल आणलं आणि टोकाशी मी एवढं सुबक बुजवलेलं भोक नेमकं त्याच जागी पाडलं. पाण्याची चूळ थेट यांच्या तोंडावर.

‘ते पाणी जायचं भोक आहे,’ तोंड पुसत म्हणाले. ‘आत साचलेलं पाणी तिथून निघून जातं. बुजलं तर पातं फुटतं. ती भोकं उघडी ठेवायला मी जन्मभर वर चढलो. आणि तू त्यांना मलमपट्टी केलीस?’

‘मला काय ठाऊक? मी टाकीवाली.’

माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागले. गुडघ्यांवर हात ठेवून, ठसका लागेपर्यंत. मीही. शिंपीणबाई धावत आली तर आम्ही दोघं चिखलात बसून हसतोय.

ठरवून केलेल्या तीन चुका पाण्यात गेल्या आणि मन लावून केलेलं काम कामी आलं. नशीब म्हणतात ते असं.

२४ मार्च

आता बसवून दाखवा कुणी! भल्या सकाळी शेडमध्ये हजर. माझ्या सगळ्या रेघा पुसल्या. नट किती पिळायचा यावर भांडण, छपराचा उतार कुठे यावर भांडण, माझा ग्राइंडर कोणी उचलला यावर तर महायुद्ध. खुर्चीवर मी ओले कपडे वाळत घातलेत.

दुपारी बाकाला मॅट चढवायची होती. हे समोर उभे राहिले आणि मॅट धरली. धाकटीसारखी नाही धरत, ढिली सोडतात. पण धरतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं रेझिन फार उग्र आहे. खोटं. रडू आलं. खूप दिवसांनी नीट रडू आलं.

३० मार्च, सोमवार

कंपनीचा ट्रक पाती पुरायला आला, तेव्हा छप्पर उभं होतं! एका पात्याचं छप्पर, दुसऱ्याचे बाक. तिसरं मी देत नाही म्हणून सांगितलं, त्याचे सायकलस्टँड होणार आहेत. ट्रक रिकामा परत गेला.

कोपऱ्यावर बघायला गेलो. ऐसपैस सावली, दहा बाजूंना उभं राहा. आणि आमची माणसं? त्या अवाढव्य छपराखालीही एकामागे एक, सरळ रेषेत, पुढच्याच्या पाठीला नाक लावून! बाक रिकामे. हे म्हणाले, पातं सुधारता येतं, माणूस नाही. मी जाऊन पहिल्यांदा बाकावर बसले.

२ एप्रिल

लेकीला माझा सगळा कावा सांगितला. चुका कशा रचल्या, खुर्चीसम्राटाला कसं गादीवरून खाली खेचलं. ‘आई, तू म्हणजे ना…’ म्हणाली आणि हसत सुटली. जरा जास्तच हसली.

११ एप्रिल, शनिवार

ट्रेलरवाला आणखी तीन पाती घेऊन आला. हे सामान आणायला गेले होते. तो शेडच्या पायरीवर बसून मोकळेपणाने बोलून गेला. काका थंडीत कंपनीत खेटे घालत होते म्हणे. म्हणायचे, पाती आमच्याच शेडसमोर टाका, तिच्या खिडकीतून दिसली पाहिजेत. मी म्हटलं, कसं शक्य आहे, ते तर खुर्चीतून उठत नव्हते. तो म्हणाला, काकू, तुम्ही तेव्हा दिवसदिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या ना? काका म्हणायचे, ‘स्वतःसाठी ती उठणार नाही. मी बसलो तर मला उठवायला उठेल.’

लेकीला फोन लावला. तिने कबूल केलं. डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या, ते माझ्याबद्दल.

हे आले. मी चहा केला, त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. माझ्याकडे बघत, शांतपणे, सगळा कप प्यायले.