करदोड्याची चावी

हुडकेश्वर, ३ नोव्हेंबर २०२४

ती. शामलाताईले वंदनाचा सा. न.

पत्र पाहून हसू नको. फोन आमच्या मालकाच्या उशीखाली राहते, अन् मी बोलली की यायचे कान इकडेच. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाच.

यायचा डावा हात लकव्यानं गेला तेव्हापासून वरातीत बँजो मीच वाजवून राहिली. बेसा गावच्या गार्गी नावाच्या पोरीनं तो ऐकला. ती गिटार वाजवते. तिच्यासंगं रशीदचाचा नावाचे कव्वाल आहेत. म्हणतात, मावशी, आमच्यासंगं वाजवा, सोळा तारखेले कार्यक्रम आहे. तालमीले दोनदा जाऊन आली. ताई, वरातीत लोक नाचतात, बँजो कोणी ऐकत नाही. तिथं चाचा गाता गाता थांबले अन् माझ्याकडे कान केला.

पण त्यायचा सूर आपल्याहून दोन घरं वर. खुंट्या पिळून तारा चढवा लागतात. अन् पिळायची चावी यायनं करदोड्याले बांधून टाकली! म्हणे, वरातीची पार्टी माझी, बँजो माझ्याच सुरात राहीन. खुंट्या यायनं लोहाराकडून घडवल्या, दुकानातली चावी बसत नाही. पक्कड लावली तं एक खुंटी झिजली. काय करू सांग. लवकर सांग.

तुझीच धाकटी,
वंदना

खापरखेडा, ७ नोव्हेंबर

चि. सौ. वंदनाले अनेक आशीर्वाद.

काय करू म्हणून काहून विचारतं वं? रुपरावले आंघोळ कोण घालते? तूच ना? मंग चावी तुझ्या हातापासून किती दूर आहे? लहानपणी माझी बोरं चोरताना तं तुले कोणाले विचारा लागत नव्हतं. तुझे भाऊजी म्हणतात, कातर पाठवू का.

सोळाले नातवाचं बारसं आहे, मले येता येत नाही. कितीही राग आला तरी रुपरावच्या तब्येतीचं लिही. माया आहे तशीच राहू दे.

शामला

हुडकेश्वर, २५ नोव्हेंबर

ती. ताईले सा. न.

कार्यक्रम झाला. चावी नाही घेतली. गार्गीले खरं सांगून टाकलं, माझा बँजो त्याच्या सुरातून हलत नाही. तिनं गिटारच्या सगळ्या तारा उतरवल्या. चाचा खालच्या सुरात गायले, म्हणे या वयात खालीच बरं. लोकायनं टाळ्या वाजवल्या, नाचलं कोणीच नाही. मले लय बरं वाटलं.

घरी आल्यावर यायनं एवढंच विचारलं, कोणत्या सुरात? म्हटलं, तुमच्याच. यायनं कमरेची चावी चाचपून पाहिली.

आता पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात संगं सनईवाले देवाजी आहेत. सनईले भोकं पाडलेली राहतात, ती माझ्यासाठी कुठं खाली येते? गार्गी म्हणे, मावशी, या वेळी तुम्हालाच चढावं लागेल.

म्हणून काल आंघोळ घालताना गाठ सोडली. चावी हातात आली, साबणानं बुळबुळीत. यायनं पाहिलं. उजवा हात धड आहे, माझं मनगट धरता आलं असतं. ओरडता आलं असतं. नाही. मान खाली घालून बसले, मी पाणी कधी टाकते त्याची वाट पाहत.

धरलं असतं तं हिसकून घेतली असती ताई, देवाशप्पथ.

चावी धुतली अन् परत बांधली. पहिल्यापेक्षा पक्की.

गार्गीले नाही म्हणून कळवलं. यायची तब्येत बरी आहे. भाऊजीले म्हण, कातर ठेवा तुमच्याकडेच. तू पत्र टाकत जा, तेवढंच हवं.

वंदना