शुद्ध बिंब

१७ ऑगस्ट १९१४, खालापूर
आमच्या आकाशदर्शन मंडळाची मिटिंग. सेक्रेटरी या नात्याने मी जाहीर केलं, की शुक्रवारी पिठोरी अमावास्येला सूर्यग्रहण टेकडीवरून सर्वांनी मिळून पाहायचं. पाऊस उघडायचं नाव घेत नाही, हे कोणीतरी काढलंच. म्हटलं, शुक्रवारी उघडेल. कशावरून, ते कोणी विचारलं नाही. विचारायची प्राज्ञाच नव्हती.

१९ ऑगस्ट
विलायतेत लढाई पेटलेली, त्यात हे ग्रहण. बाजारात लोक हळू आवाजात बोलतात. अडाणीपणा! ग्रहण पाहण्यासाठी कंदिलावर काचांना काजळी धरली. एक तडकली. यात अशुभ काही नाही. काच तापली की तडकते.

२० ऑगस्ट
भटजी येऊन गेले. उद्या ग्रहण लागलेलाच सूर्य मावळणार. याला ग्रस्तास्त म्हणतात. मग दुसऱ्या दिवशी सूर्याचं शुद्ध बिंब पाहिल्याशिवाय जेवायचं नाही. मात्र ढग असले तर स्नान करून जेवावं, म्हाताऱ्या माणसांना तर सूटच आहे, असं म्हणाले. मला हसू आलं. अंबूआत्याला म्हटलं, सवलती कशाला? शनिवारी सकाळी मी तुला सूर्य दाखवतो. आत्याने मला लहानाचं मोठं केलं. तिचा माझ्यावर फार विश्वास. म्हणाली, मग मी थांबेन हो.

२१ ऑगस्ट
संमेलन यथासांग पार पडलं. हजेरी: मी, आमचा गडी कोंडाजी आणि म्हैस. कोंडाजी सभासद नाही, म्हैस शोधत आला होता. काचेवरची काजळी पावसाने माझ्या तोंडावर आली. सूर्य ढगामागे असणारच, म्हणून त्या दिशेला तोंड करून लेक्चर दिलं. एवढ्यात दिवस असताना काळोख दाटला. बेडूक गप्प झाले. म्हैस शेपटी वर करून पळाली. सायेब, दिसत तर काय नाय, पन कायतरी होतंय खरं, असं कोंडाजी म्हणाला. मी घाबरलो नाही. भरभर उतरलो, इतकंच.

२२ ऑगस्ट, सकाळ
ढग. दुपारी उघडेल.

संध्याकाळ
उघडलं नाही. आत्या उपाशी. पाणीसुद्धा तुळशीपत्राने ओठ ओले करण्यापुरतं. उद्या नक्की.

२३ ऑगस्ट
भटजींनी येऊन तिला परोपरीने समजावलं. व्यर्थ. नानू दाखवतो म्हणालाय, त्याचा शब्द खाली पडायला नको, हे तिचं पालुपद. कुटुंबाने मला जेवताना गाठलं. (मी जेवतो. निरीक्षकाला ताकद हवी.) म्हणाली, आत्यांना जाऊन एवढंच सांगा, की मला जमणार नाही. शास्त्रीय अनुमान असं मागे घेता येत नाही, हे मी तिला शांतपणे सांगितलं. तिने माझ्यापुढचं ताट उचलून नेलं.
त्याआधी पहाटे पूर्वेकडे उजेड दिसला होता. धावत गेलो. शेजारचे गोठ्यात कंदील घेऊन उभे होते.

२४ ऑगस्ट
आत्याचे हात गार लागतात. सकाळी मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. मला भीती वाटते. लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय?
दुपारी तिच्या उशाशी बसून म्हटलं, आत्या, दिसला. आत्ता पाहिला, शुद्ध बिंब. कुठे रे, म्हणाली. मी बोट दाखवलं. तिथे कौलांतून गळत होतं. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग म्हणाली, चला, तुझं खरं झालं. आण पेज.
मीच भरवली. दोन घोट गेले. तिसरा ओठातून बाहेर आला. कुटुंब डोळे पुसत शेगडी फुंकत राहिलं.
कोंडाजी वैद्यांना आणायला निघालाय. नदी चढलेली. उंबऱ्यावरून त्याने विचारलं, सायेब, उद्या तरी उघडंल नव्हं?
म्हटलं, मला ठाऊक नाही रे.