मागच्या खांबापर्यंत

७ फेब्रु., शनिवार
सकाळपासून नव्या सभामंडपात. शिवनाम सप्ता यंदा पहिल्यांदा पत्र्याखाली. एक टाळी वाजवली की तीन ऐकू येतात. सूनबाई मनली, "आत्या, तुम्ही एकट्याच वाजवा, गर्दी झाल्यावानी वाटंल." माझंच तोंड लागलंय तिला.

गुरुअप्पा येऊन गेले, सप्त्याचे अध्यक्ष. (नाव लई लांब, पुढं गु.अ.) मनले, "चारी भोंगे बाहेर तोंड करून लाव. शेजारच्या गावाला गेला पायजे आवाज." मनलं, शेजारचं गाव येणार हाय का कीर्तनाला? हसले न्हाईत.
"काशिनाथ होता तवा असं उलट बोलत नव्हता."
"ते बोलतच नव्हते अप्पा. मशीनच बोलायची."
तरी जाताना सांगितलंच. काही बोंब झाली तर लातूरहून डीजेवाला आणू, मग दरसाल त्योच.

म्हंजे परीक्षा. हे गेल्यावर तीन वर्षं मी न सूनबाई ह्यांचा लाऊडस्पीकरचा सेट लावून राहिलो, बारशात, साखरपुड्यात. पण सप्ता गावाचा, यंदा पहिल्यांदाच आमच्या हाती. त्यो गेला तर बाकीचेबी मनणार, बायकांना न्हाई जमलं.

८ फेब्रु., रवि.
भोंगे बाहेर दोनच, तेबी हळू. स्पीकरचे मोठे डबे पुढं, तोंड जरा खाली वाकवून. लहान दोन मधल्या खांबाला, बायकांच्या अंगाला. लाईटच्या वायरीजवळून माईकची वायर न्यायची न्हाई, नायतर घूं करती. सतरंजीखालून फिरवून नेली.

हे चांगले कारागीर. पण मागं कधी बसले न्हाईत. मी लग्न होऊन आल्यापासून मागच्या खांबाला बसती. इतके सप्ते ऐकले, शब्द एक कळला न्हाई, नुसतं वंवंवं. पुढं बापे माना डोलवायचे, आम्ही मागं लसूण सोलायचो.

पत्र्याचं घुमणं काही जाईना. मग घरोघर फिरून वाकळा मागितल्या, मागच्या भिंतीला दोऱ्या बांधून टांगल्या. शेजारची सरूबाई लाजून राहिली, तिच्या वाकळंला भोक. मनलं, असू दे, भोकातून आवाज शेजारच्या गावाला जाईल, अप्पा खूश.
टाळी वाजवली. एकच आली. लई बरं वाटलं. उगंच अजून दोनदा वाजवली.

९ फेब्रु., सोम.
सुरवात. आधी टेस्टिंग. हॅलो हॅलो करून काय कळतंय? हॅलो तर बहिऱ्यालाबी कळतंय. मी उखाणा घेतला.

पुढच्याचे फुटले कान, मागचीला कळंना काई,
काशिनाथरावाचा सेट आता लावते त्यांची बाई.

पुढचे बापे हसले न मागच्याबी संगंच हसल्या. मागं उशिरा हसू आलं असतं तर समजायचं, एकीनं दुसरीला सांगितलं. संगं आलं म्हंजे आवाज पोचला. ही माझी रीत. कुण्या मशीनमध्ये न्हाई.

गु.अ.च्या घरच्या, महादेवीबाई, मनल्या, "अगं, नवरा गेल्यावर उखाणा घेतात का?" मनलं, नाव अजून सेटवर पेंटनं लिव्हलेलं हाय, मी तोंडानं घेतलं तर काय झालं. हसल्या. मग मागंच येऊन बसल्या.

१० फेब्रु.
महाराज उदगीरकडचे, गळा गोड. सूनबाई मिक्सरवर, मी मागच्या खांबाला. हात वर केला की वाढव, छातीवर ठेवला की कमी. दुपारभर हात एकदाच उचलला.
सरूबाई लसूण सोलायची थांबली. पुढ्यातलं सूप तसंच. मला मनली, "ह्ये इतकं चांगलं बोलत व्हते व्हय दरसाल?"
घरी येताना मान ताठ झाली माझी. सूनबाई मनली, "आत्या, खाली बघून चाला, नाली हाय."

११ फेब्रु.
आज घोळ. महाराज रंगात आले न मनले, देवानं बाईला जीभ दिली, पण कान द्यायचे राहून गेले. पुढं बापे खो खो. दरसाल हेच मनत असतील, आमाला काय ठाव.
सरूबाई जागेवरून मनली, "कान व्हते महाराज. आवाज येत नव्हता. यंदा यायलाय."
मांडव इतका साफ झालाय की तिचं बिनमाईकचं पुढं ऐकू गेलं. बायका अशा हसल्या की महाराज पुढचं वचनच इसरले.

गु.अ. तणतणत आले. "उद्यापासून मधले डबे बंद. पहिल्यासारखं कर."
"पहिल्यासारखं म्हंजे कसं?"
"पुढं नीट. मागं बेताचं."
"बोंब कुठं झाली अप्पा? नीट ऐकू आलं, तेवढंच."
"तीच बोंब हाय."
बंद केले तर मागच्या बायका पुन्हा वंवंवं ऐकणार. न्हाई केले तर लातूरवाला. डोकं चालंना. सूनबाईनं मिक्सर तीनदा पुसला, म्हंजे तिलाबी भ्या वाटलं.

१२ फेब्रु.
गु.अ. समोर उभे. त्यांच्या देखत मधल्या डब्यांचा जॅक उपसला. मनलं, घ्या. आतून जीव तुटला.
कीर्तन चालू झालं. थोडा वेळ बायकांनी कान लावला. मग एक बोलली, मग दुसरी. ऐकू येईना तर बसून करतील काय? कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची म्हैस आटली. पत्र्याखाली सगळा बाजार. महाराजांनी आवाज चढवला तर ह्यांनीबी चढवला. शेवटी थांबले. "माय हो, गप बसा."
मागून महादेवीबाई, अध्यक्षांच्याच घरच्या: "काय मनले?"
महाराजांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, कालचा आवाज कुठं गेला?"
मी गु.अ.कडं बघितलं. गु.अ. खाली सतरंजीकडं.
महाराज मनले, "लावा."
लावला.

१४ फेब्रु.
काल लिव्हणं झालं न्हाई, मिक्सरला खरखर. जॅक पुसला, गेली.
महाराजांना चहा नेऊन दिला. मनले, दरसाल चवथ्या दिवशी घसा बसतो, यंदा बसला न्हाई, वरडावं लागलं न्हाई. मग हळूच, "ती कानवाली बाई आज मागंच बसणार का?"
"मागंच. पण तिथं तुमचा शब्द अन् शब्द जातोय."
"मग जपून बोलावं लागंल."
"जपू नका महाराज. बोला, आमी ऐकायलो."
आज कानाचं काही मनले न्हाईत. मधून विचारलं, मागं यायलंय का? सगळ्याजणी मनल्या, यायलंय.

१५ फेब्रु., शिवरात्र
गर्दी. अर्धापूरहून केळीचे घड आले. शेजारच्या गावचे लोक मनले, यंदा सप्ता न्हाई वाटलं, काही ऐकूच आलं न्हाई. गु.अ.चं तोंड उतरलं. माझा सेट झकास, न तिथंच मार खाल्ला.

१६ फेब्रु., सोम.
काला झाला. महाराजांनी माईकवरून माझं नाव घेतलं, सूनबाईचंबी. तिचे डोळे भरले. मी मनलं, मिक्सरवर पाणी पाडू नको.

गु.अ. आले. "रविवारी बैठक हाय. पुढल्या सालाचं ठरवायचं. लातूरवालाबी येणार, त्याचा सेट लांबवर जातो मनतोय."
"बैठक हितंच ना?"
"हितंच. माईक लागत न्हाई, दहा माणसं."
"दहा कशी? मागं बायकाबी बसणार हायत."
"त्यांना कुणी बोलावलं?"
"मी. बैठकीचं सकाळीच कळलं, तुम्ही पाहुणे लावायला गेला तवा माईकवरून सांगितलं. तुमच्या घरच्या पयल्या हो मनल्या."
गु.अ.नी मागच्या खांबाकडं बघितलं. टोपी सारखी केली न गेले.
सूनबाई वायर गुंडाळायला लागली. मनलं, राहू दे, रविवार होऊ दे.