समोरच्यांना सरळ दिसावं म्हणून

३ जून, सकाळी ७
पुण्याच्या ऑनलाइन क्लासवाल्यांचा मेल आला. गणित शिक्षक. सोळा तारखेला अकरा वाजता डेमो, दहा मिनिटं, फळ्यावर शिकवून. कॉम्प्युटरवरूनच द्यायचा, फोनवरून चालणार नाही. नोकरी माझीच आहे. बाकीच्या उमेदवारांची कीव येते.

माझ्या क्लासला चार पोरं उरलीत. बाकीची हिंगोलीला गेली. कच्चीच होती. हा डेमो फसला तर कनेरगाव नाक्याच्या पेट्रोल पंपावर सुपरवायझर व्हायचं. ही सोय माझ्या मेव्हण्याने, धम्मानंदने, मला न विचारता करून ठेवली आहे. एम. एस्सी. माणसाला पंप! पुसेगावात मला 'सर' म्हणतात. तेवढं राहिलं पाहिजे, बाकी काही मागत नाही.

दुपारी २
कॉम्प्युटरला कॅमेरा नाही. हरकत नाही. फोनचाच वेबकॅम करता येतो, व्हिडिओ पाहिला. पाच मिनिटांचं काम.

४ जून
अ‍ॅप फोनमध्ये टाकलं, कॉम्प्युटरमध्येही टाकलं. वायर जोडली. कॉम्प्युटर म्हणतो, डिव्हाइस सापडत नाही. अरे आंधळ्या, तुझ्या पुढ्यात पडलंय!

५ जून
कॉम्प्युटर सहा वेळा बंद-चालू. अ‍ॅप काढून परत टाकलं. फोन शंभर टक्के चार्ज, चित्र शून्य. सपनाने भावाला फोन लावून माझ्या कानाला धरला. बायको कोणाच्या बाजूने आहे ते कळलं. तो म्हणाला, "दाजी, ती वायर नुसती चार्जिंगची असंल. काहून तकलीफ घेता? माझ्याकडं वेबकॅम पडून हाय, देतो पाठवून." फोन कट केला. याच्या कॅमेऱ्यावर नोकरी मिळवली की जन्मभर गावभर सांगत फिरेल.

८ जून
सेनगावहून दुसरी वायर आणली. जोडताच चित्र आलं. जुन्या वायरीतून डेटा जातच नव्हता, हे मी स्वतः शोधून काढलं. फोन हळदीच्या डब्याला रबरबँडने बांधला. फळा छान दिसतो. मीही.

९ जून
नवी भानगड. फळ्यावरचं सगळं स्क्रीनवर उलटं दिसतं, आरशात दिसावं तसं. सेटिंगमध्ये दोन तास डोकं फोडलं. अ‍ॅपला एक स्टार देऊन खाली चार ओळी सुनावल्या. सपना म्हणाली, "अहो, तुमचं तुमालाच उलटं दिसून राहिलं. समोरच्याला सरळच दिसतं." बारावी आर्ट्स आहे ती. वर म्हणाली, धम्मानंदला व्हिडिओ कॉल करून विचारा कसं दिसतं ते. म्हणजे तो दात काढणार. मेलो तरी करणार नाही.

१० जून, सकाळी ६
सुचलं! मशीन उलटं करत असेल तर मीच उलटं लिहायचं. वजा गुणिले वजा, अधिक. हे गणितवाल्यालाच सुचणार.

१३ जून
उजवीकडून डावीकडे 'वर्गसमीकरण' एका दमात लिहितो. स्क्रीनवर मोत्यासारखं अक्षर. सपनाशी बोलणं बंद आहे, त्यामुळे सराव चांगला होतो. क्लासमध्येही चुकून तसंच लिहिलं. सेवा नावाची पोरगी म्हणाली, "सर, आमीबी असंच लिवायचं का?" हाकलून दिलं. आता पोरं तीन.

१६ जून, दुपारी १
डेमो झाला. तीन परीक्षक होते. मी एकदाही न अडखळता तीन ओळी लिहिल्या. त्यातल्या बाई म्हणाल्या, "सर, बोर्ड उलटा दिसतोय." मी त्यांना शांतपणे सांगितलं की आपली सेटिंग तपासा, इकडे बराबर आहे. त्या म्हणाल्या, एक ओळ नेहमीसारखी लिहून बघता का. मी म्हणालो, चुकीचं मी लिहीत नसतो. दुसरा परीक्षक तोंडावर हात ठेवून बसला होता. बहुतेक विचारात असावा. आठ मिनिटं हीच हुज्जत. तत्त्वाचा प्रश्न होता. दारामागे सपना कपाळाला हात लावून उभी होती. डोकं दुखत असेल.

१९ जून
मेल आला. 'पुढील वाटचालीस शुभेच्छा.' पुण्याच्या लोकांना सरळ-उलटं कळत नाही.

२० जून
सपनाने आपल्या फोनवरून भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि वहीचं पान धरलं. तो धडाधड वाचत गेला. तिच्या स्क्रीनवर पान उलटंच होतं. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर भांडता आलं असतं. फार वाईट वाटलं. जेवलो नाही.

२४ जून
पंपावर दुसरा दिवस. मालक हरिचंदभाऊ म्हणाले, "मास्तर, अक्षर चांगलं हाय तुमचं. बाहेर फळ्यावर लिवा, डिझेल संपलं म्हणून." लिहिलं. तासाभरात अकरा ट्रक रांगेत. सगळे हॉर्न वाजवून राहिले. हरिचंदभाऊंनी फळा पाहिला, मग मला पाहिलं. मीही पाहिला. हात आठवडाभराच्या सरावात इतका बिघडेल असं वाटलं नव्हतं.

ट्रकवाले तोंडाला येईल ते बोलले. एक तेवढा चांगला निघाला. कंटाळून वाशीमकडे निघाला होता, पुढे जाऊन थांबला, खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मास्तर, आरशात वाचलं. डिझेल न्हाई म्हणून लिवलंय ना?"

मी व्हय म्हणालो.