शेहेचाळीस हजारांचं न्हाणीघर

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
१४ जानेवारी २०२३

ती. शोभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललेलं सगळ्या मजल्याला कळतं. म्हणून लिहितो.

घरमालकाची नोटीस आली. एक मेपासून भाडं नऊशे डॉलरनी वाढणार, नाहीतर घर सोडायचं. आम्हा दोघांच्या पगारात ते बसत नाही. सुनेत्रा शिकवते ती शाळा इथून चालत सात मिनिटांवर आहे, आणि पन्नाशीत नव्या गावात नवी नोकरी मला कोण देतोय?

तेव्हा वाचनालयात बसून नियम वाचले. राज्याच्या घरभाडं कार्यालयाकडून घराच्या भाड्याचा जुना इतिहास मागवता येतो. मागवला. आम्ही २०१६च्या नोव्हेंबरात इथे आलो, त्याआधी हे घर नियंत्रित भाड्याचं होतं. सरकार ठरवील तेवढीच वाढ. भाडं १,३१०. मग जुनी भाडेकरू गेली आणि मालकाने लिहून दिलं की रिकाम्या घरात शेहेचाळीस हजारांचं काम केलं. नवं न्हाणीघर, किचनची नवी कपाटं, नवं फ्लोअर. तेव्हा असा खर्च भाड्यात चढवता यायचा. तो चढवून भाडं झालं २,७२२, आणि २,७०० ओलांडलं की घर नियंत्रणातून सुटायचं. बावीस डॉलरनी सुटलं.

ताई, आम्ही आलो तेव्हा टबला गंज होता आणि भिंतीला गुलाबी टाइल्स, त्यातल्या अकरा तडकलेल्या. मी तक्रार दाखल केली आहे. लबाडी सिद्ध झाली तर भाडं खाली येईल आणि आम्हाला इथून कोणी काढू शकणार नाही. तक्रार स्वतःच लिहिली, चौदा पानं. सुनेत्रा म्हणते, ती वाचून त्या कार्यालयाचाच माणूस नोकरी सोडेल.

तुझा लोभ आहे तेवढा राहू दे. सध्या फक्त तोच वाढला तर चालेल.

तुझा,
प्रल्हाद


नेपरव्हिल
२ फेब्रुवारी २०२३

चि. प्रल्हादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथे गुडघाभर बर्फ आहे. राजीवने मला दारापुढचं बर्फ काढायला बंदी केली आहे आणि स्वतःही काढत नाही. हल्लीच्या मुलांची आईबद्दलची काळजी ही अशी. त्याचं बेसमेंट रिकामं आहे, हे तुला आधीही सांगितलंय. तू ऐकणार नाहीस, म्हणून पुन्हा सांगते.

पण मला एक कळत नाही. मी २०१७ साली तुझ्याकडे आले होते, तेव्हा तू तोंडाला मास्क लावून टब घासून रंगवत होतास. पुस्तकात लिहिलंय म्हणून तीन दिवस कोणालाही आंघोळ करू दिली नाहीस. मी नि सुनेत्रा टॉवेल घेऊन शेजारच्या रत्नाकाकूंकडे जायचो, आणि त्या दर वेळी विचारायच्या की भाऊ रागावलाय का. मग गुलाबीवरच पांढऱ्या टाइल्स लावल्यास. कपाटं तासून रंगवलीस. आता ते घर पाहणाऱ्याला सगळं नवंच दिसणार ना? तू चौदा पानांत हे लिहिलंस का?

सुनेत्राला आशीर्वाद. रोज काहीतरी गरम खात जा, कायदा नंतर वाच.

तुझी,
शोभाताई


जॅक्सन हाइट्स
२१ ऑक्टोबर २०२३

ती. शोभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला आठ महिने लागले. तू विचारलंस ते चौदा पानांत लिहिलं नव्हतं. एक मे उलटला, पण तक्रार चालू आहे तोवर जुनंच भाडं भरतोय.

मंगळवारी इन्स्पेक्टर येऊन गेला. सुनेत्राने बजावलं होतं की घर आहे तसं राहू दे. पण माणूस घरी येणार म्हटल्यावर मला राहवेना. आदल्या दिवशी रजा घेऊन टाइल्सच्या फटींमधला काळा पडलेला ग्राउट खरवडून नवा भरला. टबही चकचकीत केला. त्याने टाइल्सवरून हात फिरवला, कोपऱ्यात वाकून पाहिलं आणि म्हणाला की इतकं नेमकं काम हल्ली दिसत नाही. मी थँक यू म्हणालो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्याने लिहून नेलं : न्हाणीघर नवं, उत्तम स्थितीत.

वाचनालयात गुरुवारी भाडेकरूंना फुकट सल्ला देणारा ईशान नावाचा वकील बसतो. पोरगा तिशीचा नाही, पण मुद्द्याचं बोलतो. त्याने आधीचे फोटो मागितले. नाहीत, जे बघवत नव्हतं त्याचे फोटो कोण काढणार? टाइल्सच्या पावत्या फाइलला आहेत, पण मालक म्हणेल की आमच्या नव्या कामावर याने हौसेने आणखी एक थर चढवला. ईशानचं म्हणणं, फोडून दाखवल्याशिवाय इलाज नाही. वर परवानगीशिवाय घरात बदल केल्याचं कबूल करावं लागेल. करारात त्याला मनाई आहे.

तीन शनिवार-रविवार लागले होते गं. एक रेघ कुठे चुकलेली नाही.

इथे सगळं ठीक, असं दरवर्षीसारखं समज.

तुझा,
प्रल्हाद


नेपरव्हिल
३० ऑक्टोबर २०२३

चि. प्रल्हादास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझा हात चांगला आहे हे सरकारकडून लिहून घ्यायचं होतं का? घेतलंस. आता फोड. नाहीतर बेसमेंटमध्ये ये. इथलं न्हाणीघर तसंही पाहण्यासारखं नाही.

सुनेत्राने मला वेगळी चिठ्ठी पाठवली आहे. तू रोज आंघोळीला गेलास की बराच वेळ पाण्याचा आवाज येत नाही, असं लिहिते. तिला किती ताटकळत ठेवणार आहेस?

रागावले तरी तुझीच,
शोभाताई


जॅक्सन हाइट्स
९ मार्च २०२५

ती. शोभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. घर पुन्हा नियंत्रित भाड्यात आलं. मालकाने अपील केलंय, पण तोवर आम्हाला कोणी हलवू शकत नाही.

फोडायचं ते दुसऱ्या तपासणीत, इन्स्पेक्टरच्या समोर फोडलं. तोच माणूस होता. छिन्नी घातली की टाइलचे तुकडे उडायचे, पण सिमेंट भिंत सोडेना. पाऊण तास लागला. तो बिचारा टबाच्या काठावर बसला. शेवटी गुलाबी भिंत दिसली तेव्हा त्याने विचारलं की वरच्या कोणी लावल्या. ईशानने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, मी लावल्या. त्याने तेही लिहिलं. मग कपाटाचा रंग खरवडून दाखवला. आत पूर्वीचे तीन रंग निघाले.

नवा करार आला. अकरा पानं, सगळी वाचली. परवानगीशिवाय भाडेकरूने घरात काही बदल करायचा नाही, हे त्यातही आहे. सही केली. ईशानने हात जोडून सांगितलंय की अपील चालू आहे तोवर एका खिळ्यालाही हात लावू नका.

न्हाणीघर मालकाने दुरुस्त करून द्यायचं होतं. दोन माणसं आली आणि भिंत नि जमीन एका दिवसात उरकून गेली. मी दारात उभा होतो. सुनेत्राने मला बाजारात पाठवलं. भिंतीवरची चौथी ओळ उजवीकडे पाव इंच उतरली आहे, पण ते जाऊ दे. सुनेत्रा म्हणते की न्हाणीघर आहे, पाणी गेलं की झालं. पाणी जातं. थोडं कोपऱ्यात राहतं. ते मी रोज आंघोळ झाल्यावर पायाने सारून देतो.

मे महिन्यात तू ये. तुझ्या येण्याला कोणाची परवानगी लागत नाही, एवढं मी करारात पाहून ठेवलंय.

तुझा,
प्रल्हाद