म्हाताऱ्या मॉरिसच्या पोटात मेण

प्रिय हेझेलताई,

तुझा गुडघा पुन्हा जिना चढू लागला हे वाचून बरं वाटलं. भाऊजींना नमस्कार सांग, त्यांच्या टोमॅटोंनाही. (टोमॅटोंची चौकशी केली नाही तर भाऊजी आठवडाभर रुसतात.) आम्ही इकडे व्हिटबीला मजेत आहोत, म्हणजे तुझी भावजय ग्लेनिस माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

येत्या शनिवारी तुझी रोझलिंड बाबांच्या जुन्या मॉरिस गाडीतून स्वतःच्या लग्नाला चर्चमध्ये जाणार, असं तू ठरवलंस. मामाचा ऊर भरून आला आणि मामा गाडीखाली शिरला. इथे हिवाळाभर बर्फ वितळायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने गाड्या गंजतात; ते कमी पडलं तर समुद्र आहेच. आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळातले ऑर्मरॉड (हे गृहस्थ आधी माझी बिस्किटं संपवतात, मग सल्ला देतात) म्हणाले, "डेस्मंड, वरचा पत्रा बघून खूश होऊ नकोस. दारांखालच्या पोकळ तुळया आतून कुजतात. नळी घाल आणि गरम मेण फवार!"

मेण पातळ करायला डबे गरम पाण्यात ठेवतात. मी ते आमच्या बाथटबमध्ये ठेवले. त्यातला एक कलंडला. आता टब तपकिरी आहे आणि ग्लेनिस रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून, सगळ्या गल्लीला दिसेल अशी, शेजारणीकडे आंघोळीला जाते.

बरं, फवारता फवारता प्रत्येक दाराच्या बुडाशी मला दोन-दोन भोकं सापडली. माझं डोकंच फिरलं. साठ वर्षांत कुणाचं लक्षच नाही! (आधी बाबांचं, मग माझं.) मी आठही भोकं मेणाने ठासून बुजवली आणि अंगणात शीळ घालत फिरलो. मग चार दिवस पाऊस. सोमवारी वळणावर गाडीच्या दारांतून डचमळल्याचा आवाज आला. ऑर्मरॉड पोट धरून हसले. "अरे शहाण्या, ती भोकं कारखान्यातूनच येतात! काचेवरून आत गेलेलं पाणी बाहेर कुठून जाणार? मोरी तुंबवलीस की तू!" मी ग्लेनिसची विणायची सुई घालून भोकं मोकळी केली. (अबोल्याचं दुसरं कारण.) पाणी गेलं, पण मागोमाग मेणही यायला लागलं, आणि ऊन पडलं की ते अजून ठिबकतं.

एवढा वैताग मला आयुष्यात आला नव्हता. पण काळजी नको, गाडी आता आणखी साठ वर्षं टिकेल.

तुझा धाकटा भाऊ,
डेस्मंड

ता. क. रोझलिंडचा झगा पांढराच आहे का? गुडघ्याखाली तपकिरी चालणार नाही का?

ता. क. २. खरं सांगतो. डाव्या तुळईत पाच लिटर मेण गेलं तरी ती भरेना, म्हणून ऑर्मरॉडांनी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. तो मुठीपर्यंत आत गेला. मागच्या डाव्या बाजूला तळाला पत्राच उरलेला नाही, नुसतं मेण आहे. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना सरकारी तपासणी माफ, त्यामुळे हे कुणाला कळलंच नाही. ताई, रोझलिंडसाठी दुसरी गाडी बघ. मला तिला सांगायचा धीर होत नाही.

ता. क. ३. दुसरी गाडी बघू नकोस. आत्ताच रोझलिंडचा फोन आला होता. ठिबकण्याचं तिला ग्लेनिसने सांगितलं. म्हणाली, "मामा, मी डांगरी घालून बसते, झगा चर्चमध्ये चढवते. पण येणार आजोबांच्याच गाडीतून." मला रडूच आलं, तळाचं सांगायचं राहूनच गेलं. तेवढं तू सांग: उजवीकडेच बस म्हणावं, आणि पाय वर घे.