टाकीचं झाकण

रविवार, संध्याकाळ. आसनगाव



घरातल्या माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरचं झाकण मी स्वतः केलं होतं. अ‍ॅक्रिलिकची शीट करवतीने कापली, कडा पॉलिश पेपरने घासल्या, हवेसाठी भोकं पाडली. कशासाठी? त्यातला जांभळा मासा दचकला की उडी मारतो म्हणून. घरात सगळ्यांना माहीत होतं.

आज धसईचे पाहुणे आले. मी आत भाकऱ्या थापत होते आणि बाहेर धाकट्या दिरांनी झाकण काढून ठेवलं. का, तर वरून फोटो नीट यावेत! फ्लॅश मारले असणार. जेवणं उरकल्यावर मासा सोफ्यामागे सापडला, वाळून कडक झालेला.

"वयनी, मासाच तो. दुसरा आणू ना," भाऊजी हसत म्हणाले.

हसत! आणि ह्यांचं आणखीच. "पाहुण्यांसमोर नको गो," म्हणे. मग कोणासमोर? झाकण काय शोभेला केलं होतं मी?

मी भाऊजींच्या हातात खुरपं दिलं. म्हटलं, "तुमीच उचला, तुमीच पुरा."

पाहुण्यांसमोरच. भाऊजींचं हसू गेलं. मासा घेऊन ते परसात गेले, आणि खड्डा पुरेसा खोल होईपर्यंत मी दारातून हलले नाय.